बग सापडतो, उत्तर सापडत नाही

ग्रोटोपिया दिसायला अगदी साधा खेळ आहे. चौकोनी ठोकळ्यांचे सपाट जग आणि त्यात धावणारा एक छोटा माणूस. ठोकळा फोडला की बी मिळते, बी पेरली की झाड येते, दोन वेगवेगळ्या बियांचा संकर केला की तिसरेच काहीतरी उगवते. सेथ रॉबिन्सन आणि माइक हॉमेल या दोघांनी मिळून हा खेळ उभा केला आणि २०१३ पासून तो फोनवर जगभर खेळला जाऊ लागला. फेब्रुवारी २०१७ मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने तो विकत घेतला आणि त्याचा कारभार आपल्या अबू धाबीच्या स्टुडिओकडे सोपवला. हा स्टुडिओ २०११ पासून तिथे आहे. म्हणजे जगभरची मुले ज्या खेळात आपली जमीन, आपली झाडे आणि आपली मिळकत सांभाळत बसलेली असतात, त्याची सूत्रे आखाती वाळवंटाच्या काठावरच्या एका कार्यालयात हलतात.

मिळकत हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. ग्रोटोपियात स्वतःच्या जगाला कुलूप लावता येते आणि ते कुलूप २००० रत्नांना मिळते. खेळाडूंनी या कुलपांनाच चलन करून टाकले. शंभर साध्या कुलपांचे एक हिऱ्याचे कुलूप, अशा शंभर हिऱ्यांच्या कुलपांचे निळ्या रत्नाचे एक. रत्ने खेळून मिळवता येतात, तशीच खऱ्या पैशाने विकतही घेता येतात. दोन माणसांनी सुरू केलेल्या खेळात असा पूर्ण बाजार उभा राहिला, की त्यातला बग नुसता मजा घालवणारा राहत नाही. तो कोणाची तरी तिजोरी फोडतो.

अशा खेळातला सर्वांत घातक बग म्हणजे वस्तूची नक्कल होणे. खेळाडू त्याला ‘ड्यूप’ म्हणतात. तो कसा घडतो हे समजून घेण्यासारखे आहे. माझ्या झोळीत काय आहे याची नोंद सर्व्हर एका जागी ठेवतो आणि जगात जमिनीवर काय पडले आहे याची नोंद दुसऱ्या जागी. मी एक वस्तू झोळीतून काढून जमिनीवर टाकली, की दोन्ही नोंदी बदलायला हव्यात. पण हजारो लोक एकाच वेळी धावत, फोडत, पेरत असताना प्रत्येक हालचाल लगेच कायमच्या साठवणीत लिहिणे परवडत नाही. म्हणून बरेच खेळ या नोंदी स्मरणात धरून ठेवतात आणि ठरावीक वेळाने साठवतात. आता समजा जमिनीची नोंद साठवली गेली, झोळीची व्हायची होती आणि तेवढ्यात सर्व्हर कोसळला. पुन्हा सुरू झाल्यावर वस्तू जमिनीवरही आहे आणि झोळीतही आहे. क्रम उलटा झाला असता तर ती दोन्हीकडून नाहीशी झाली असती. एकाच चुकीने एक मुलगा श्रीमंत होतो आणि दुसऱ्याची महिन्याची मेहनत पुसली जाते.

बँकांच्या संगणकांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला. तिथे दोन्ही नोंदी बदलतात किंवा एकही बदलत नाही, मधली अवस्था शिल्लकच राहत नाही. खेळातही हे करता येते. पण त्यासाठी वेगाची किंमत मोजावी लागते आणि खेळाच्या पहिल्या दिवशी, दोनशे खेळाडू असताना, तसे कोणी करत नाही. पुढे खेळाडू लाखांवर गेले की पाया उकरून बदलणे अवघड होते. नक्कल झालेल्या वस्तू बाजारात पसरल्यावर एकच जालीम उपाय उरतो. सगळ्या जगाचे घड्याळ काही तास मागे न्यायचे, ज्याला रोलबॅक म्हणतात. त्यात लबाडाबरोबर प्रामाणिक खेळाडूचेही तेवढे तास जातात. कंपनी अशा निर्णयापुढे घुटमळते तेव्हा बाहेरून ते नुसते मौन वाटते.

माझा मुद्दा मात्र त्या मौनाच्या पलीकडचा आहे. जो बग खेळाडूला दिसतो, तो बनवणाऱ्यांच्या खोलीत पुष्कळदा दिसतच नाही. खेळाडू जितका लांब, त्याचा फोन जितका साधा, त्याची भाषा जितकी वेगळी, तितके त्याला दिसणारे बग वेगळे. म्हणून दुबई-शारजातल्या मुलाची तक्रार ही कंपनीला फुकट मिळालेली सर्वांत मोलाची माहिती असते. आणि तीच सर्वांत आधी बंद केली जाते.

अंतराचेच घ्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. दुबई ते फ्रँकफर्ट सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरच्या आत-बाहेर. जाऊन येऊन दहा हजार, म्हणजे निसर्गनियमानुसारच किमान ५० मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार सरळ जात नाही. ती अरबी द्वीपकल्पाला वळसा घालून तांबड्या समुद्रातून, इजिप्तमार्गे भूमध्यात शिरते आणि हा आकडा सहज शंभरच्या वर जातो. पडद्यावरचे चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते असे धरले तर एका चित्राला १७ मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळ मिळतो. म्हणजे युरोपातल्या सर्व्हरवर खेळणाऱ्या शारजातल्या मुलाच्या हालचालीला उत्तर येईपर्यंत सहा-सात चित्रे उलटून गेलेली असतात.

ही उणीव लपवण्यासाठी खेळ एक युक्ती करतो. सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता तुमचा फोनच अंदाजाने तुम्हाला पुढे चालवतो, आणि उत्तर आल्यावर अंदाज चुकला असेल तर तुम्हाला मागे खेचतो. मुले याला ‘रबरबँडिंग’ म्हणतात. भिंतीआड लपल्यावरही गोळी लागते ती यामुळेच, कारण सर्व्हरच्या लेखी तुम्ही अजून भिंतीबाहेर होतात. ॲमेझॉनने जुलै २०१९ मध्ये बहरीनला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अमिरातीत आपली डेटा केंद्रे सुरू केली. जे खेळ आपले सर्व्हर तिथे आणतात त्यांच्यापुरता हा त्रास खूप कमी होतो. पण तार ती तारच. २००८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत अलेक्झांड्रियाजवळ आणि आखातात समुद्राखालच्या तारा तुटल्या, तेव्हा आखाती देशांपासून भारतापर्यंत इंटरनेट लंगडले. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ तारांना इजा झाली आणि अमिरातीत एतिसलात व डू या दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना मंदावलेल्या जोडणीचा अनुभव आला. त्या आठवड्यात ज्याला आपला खेळ बिघडला असे वाटले, त्याच्या खेळात बिघाड नव्हताच.

त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. रोब्लॉक्स या ऑनलाइन खेळाने अमिरातीत खेळातल्या गप्पांची सोय तात्पुरती बंद केली. तो मुलांच्या सुरक्षिततेसाठी इथल्या दूरसंचार नियामकाशी बोलून घेतलेला निर्णय होता. पण ज्या मुलाच्या पडद्यावरून गप्पांची चौकट एकदम नाहीशी झाली, त्याने आधी खेळ काढून टाकला, पुन्हा घातला, वायफाय बंद-चालू केले. दोष तारेत आहे, धोरणात आहे की खेळाच्या सांकेतिक भाषेत, हे खेळाडूने ओळखायचे कसे? इथे राहणाऱ्या आईवडिलांना मी नेहमी सांगतो की मूल चिडले असेल तर आधी शेजारच्या देशातल्या कोणाला तरी विचारा, तिकडे तोच खेळ चालतो आहे का. पुण्यात किंवा मस्कतला भावंड खेळत असेल तर दोन मिनिटांत अर्धा उलगडा होतो.

भाषेचा बग तर खास आपल्या भागाचा. अरबी अक्षरे शब्दातल्या जागेनुसार रूप बदलतात, एकमेकांना जोडली जातात आणि उजवीकडून डावीकडे जातात. पुष्कळ खेळांची अक्षर उमटवणारी यंत्रणा हे जाणत नाही. मग अरबी नाव सुटी-सुटी अक्षरे होऊन, तीही उलट्या क्रमाने, पडद्यावर येते. देवनागरीचेही तेच हाल. पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षराचा पाय मोडून तिथे हलन्त दिसतो. ‘प्रिया’ हे नाव लिहिणाऱ्या मुलीला आपलेच नाव ओळखू येत नाही. बनवणाऱ्या चमूत अरबी किंवा मराठी वाचणारा एकही माणूस नसेल तर हा दोष त्यांच्या डोळ्यांसमोर असूनही त्यांना दिसणार नाही.

शारजात राहणाऱ्या, माझ्या चांगल्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबातल्या मुलाने वाढदिवसाच्या पैशांतून सुपरमार्केटमधून एक गिफ्ट कार्ड घेतले आणि एका खेळात एक वस्तू विकत घेतली. पैसे कापले गेले, वस्तू आली नाही. त्याने कंपनीला लिहिले. उत्तर आले की खेळ काढून पुन्हा घाला. त्याने घातला. मग पावती मागितली, ती त्याने पाठवली. मग पुन्हा तेच पहिले उत्तर, शब्दन् शब्द, आणि दोन दिवसांनी ‘तुमचे टिकिट सोडवले गेले आहे’ असा निरोप. त्याने मला विचारले, “काका, त्यांना माझं खोटं वाटतंय की त्यांनी वाचलंच नाहीये?” बारा वर्षांच्या मुलाने विचारलेला हा प्रश्न मला फार नेमका वाटतो. खोटे ठरवले जाणे आणि न वाचले जाणे यांत फरक आहे आणि माणसाला दुसरे जास्त लागते.

तर कंपनीच्या आत काय होते ते पाहू. टिकिट, म्हणजे तक्रारीची नोंद, आधी अशा माणसाकडे जाते ज्याच्या हातात खेळाचा कोड नसतो. बहुधा तो बाहेरच्या कंत्राटी कंपनीत असतो, त्याच्यापुढे ठरलेल्या उत्तरांची यादी असते आणि किती टिकिटे बंद झाली यावर त्याचे काम मोजले जाते. तो दुष्ट नसतो. पण ‘बंद झाले’ आणि ‘सुटले’ यांत त्याच्या तक्त्यात फरक नसतो. यातून एखादी तक्रार वर गेलीच, तर ती परीक्षकांकडे येते.

हे परीक्षक पुष्कळदा आपलीच माणसे असतात. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, मुंबईत २०१८ पासून, आणि पुण्याच्या स्टुडिओत मोठमोठ्या खेळांची तपासणी चालते. नगर, सातारा, सोलापूरहून आलेली मुले-मुली खेळातल्या भिंतींना अंग घासत, एकच दार चाळीस वेळा उघडत-मिटत दिवस काढतात. त्यांच्या अहवालात कुठला बिल्ड, कुठले यंत्र, कुठल्या क्रमाने काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, दहापैकी किती वेळा झाले, हे सगळे लागते. मग बैठक बसते आणि प्रत्येक बगला गंभीरपणा आणि अग्रक्रम दिला जातो. काहींवर ‘वोन्ट फिक्स’ असा शेरा पडतो, कारण तो दुरुस्त करताना दुसरे दहा निघण्याची भीती असते. आणि काहींवर पडतो तो शेरा ज्याला तिथे सगळे थोडक्यात ‘रिप्रो होत नाही’ म्हणतात. बग पुन्हा घडवून दाखवता आला नाही, म्हणजे तो नाही.

गाठ इथेच पडते. दोन घटना एकाच क्षणी येऊन आदळल्या तरच जे बग उमटतात, ते कार्यालयाच्या वेगवान तारेवर उमटत नाहीत. खरेदीचा निरोप निघाला आणि उत्तर येण्याआधी जोडणी शंभरेक मिलिसेकंद अडखळली, तर नोंद अर्धवट राहू शकते. ही अडखळ शारजातल्या घरी रोजची आहे आणि परीक्षकाच्या मेजावर ती कधीच येत नाही. संथ जोडणीचे सोंग घेणारी साधने परीक्षकांकडे असतात, पण मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात ती किती जण लावतात? त्या मुलाचे टिकिट बंद झाले तेव्हा कोणी त्याला खोटे ठरवले नव्हते. त्याचे घर त्यांच्या चाचणीत नव्हते, एवढेच.

खेळाडूला दिसते ते बनवणाऱ्याला दिसत नाही, याचे जगातले सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे ‘जीटीए ऑनलाइन’. २०१३ मध्ये सुरू झालेला हा खेळ उघडायला मिनिटेच्या मिनिटे लागत आणि लोक वर्षानुवर्षे तक्रार करत होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये ‘टीझिरोएसटी’ या टोपणनावाच्या एका प्रोग्रामरने, मूळ कोड हातात नसताना, बाहेरूनच कारण शोधून काढले. खेळ सुरू होताना दुकानातल्या वस्तूंची सुमारे १० मेगाबाइटची यादी वाचली जाई. त्यात ६३ हजारांच्या आसपास नोंदी. आणि वाचण्याची पद्धत अशी, की प्रत्येक लहान तुकडा उचलताना उरलेली सगळी यादी किती लांब आहे हे पुन्हा शेवटपर्यंत मोजले जाई. शाळेत हजेरी घेताना प्रत्येक नाव पुकारण्याआधी राहिलेली सगळी मुले मोजावीत, तसे. वर प्रत्येक नोंद आधी येऊन गेली आहे का, हे तपासायला तिची तुलना आधीच्या सगळ्या नोंदींशी होई. त्या तुलनांची संख्या जवळजवळ दोनशे कोटींवर जात होती, आणि यादीत मुळात दुहेरी नोंद नव्हतीच. या दोन जागा दुरुस्त करताच त्याच्या संगणकावर सहा मिनिटांचा वेळ दोन मिनिटांच्या आत आला. हा खेळ बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने मार्चमध्ये ही दुरुस्ती अधिकृतपणे स्वीकारली आणि त्याला १० हजार डॉलर दिले. माझा अंदाज असा, की खेळ नवा असताना यादी छोटी होती आणि मोजणी कोणाला जाणवली नसेल. यादी वर्षागणिक वाढली, पण मोजणी तशीच राहिली.

‘एलियन्स: कलोनियल मरीन्स’ या २०१३ च्या खेळात परग्रहावरचे राक्षस इतके मठ्ठ वागत की त्याची जगभर नालस्ती झाली. काही वर्षांनी एका हौशी माणसाला एका फाइलमध्ये एका इंग्रजी शब्दात एक अक्षर जास्त पडलेले सापडले. ते काढले तर राक्षस बऱ्यापैकी शहाण्यासारखे हल्ले करू लागले. २०१८ मध्ये ही गोष्ट सर्वत्र पसरली, तोपर्यंत खेळाची अब्रू कायमची गेली होती.

मौनाचेही प्रकार असतात, हे मात्र न्यायाने सांगायला हवे. हॅलो गेम्स या छोट्या ब्रिटिश कंपनीने ऑगस्ट २०१६ मध्ये ‘नो मॅन्स स्काय’ आणला तेव्हा कबूल केलेल्या अनेक गोष्टी त्यात नव्हत्या. लोक भडकले आणि कंपनी एकदम गप्प झाली. पण नोव्हेंबरमध्ये तिने पहिला मोठा सुधार दिला आणि नंतर वर्षानुवर्षे, फुकट, देत राहिली. आज त्या खेळाला मान आहे. उलट डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ जुन्या प्लेस्टेशनवर इतका मोडका निघाला की सोनीने आठवड्याभरातच तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत देऊ केले. तो परतला पुढच्या जूनमध्ये. हॅलो गेम्सच्या शांततेत काम चालू होते, म्हणून ती लोकांनी विसरली. शारजातल्या मुलाला मिळाली ती शांतता कुणी काहीच करत नसल्याची होती, आणि खेळाडूला बाहेरून या दोन्ही सारख्याच दिसतात, हा खरा छळ आहे.

पैसे परत मागण्याची वाट अरुंद आहे, पण ती माहीत हवी. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळले असेल तर पैसे परत मिळतात. प्लेस्टेशनच्या दुकानात १४ दिवस असतात, पण खेळ उतरवून घेतला की तो हक्क साधारणपणे संपतो. म्हणून बग दिसल्यावर ‘पुढच्या पॅचमध्ये नीट होईल’ म्हणून थांबू नये, आधी परतीची विनंती टाकावी. बगचा व्हिडिओ, फोनचे मॉडेल, खेळाची आवृत्ती, वेळ आणि कुठल्या जोडणीवर होतात, हे एकाच निरोपात लिहावे. शिव्या लिहिल्या की ते टिकिट बंद करायला कारण मिळते.

कायदा कुठवर साथ देतो? अमिरातीचा ग्राहक संरक्षणाचा २०२० चा संघीय कायदा क्रमांक १५ वस्तूंबरोबर सेवांनाही लागू आहे आणि देशात नोंदलेल्या ऑनलाइन विक्रेत्यांनाही. अडचण ‘देशात नोंदलेल्या’ या शब्दांत आहे, कारण खेळ विकणारी कंपनी पुष्कळदा युरोपात किंवा अमेरिकेत असते. सुपरमार्केटने कार्ड विकले, त्याची जबाबदारी कार्ड चालण्यापुरती. भारतात २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे बंधनकारक केले, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निवाडा करायचा. युरोपात वाद आणखी पुढे गेला आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ मार्च २०२४ च्या अखेरीस सर्व्हर बंद झाल्याने पैसे देऊन घेतलेल्यांनाही उघडता येईना. त्यातून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि जुलै २०२५ मध्ये तिने युरोपीय नागरिकांच्या दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला.

दुबईने नोव्हेंबर २०२३ मध्ये खेळ उद्योगासाठी एक कार्यक्रम जाहीर केला. २०३३ पर्यंत या क्षेत्रात ३० हजार नोकऱ्या, असे त्याचे लक्ष्य आहे. अबू धाबीही याच वाटेवर आहे. या नोकऱ्यांत चित्रकार आणि प्रोग्रामर असणारच. मला त्यांत आणखी दोन जागा हव्या आहेत. एक परीक्षकांची, जे शारजातल्या भाड्याच्या घरातल्या वायफायवर, साध्या फोनवर, अरबी, मराठी, मल्याळी नावे टाकून खेळ तपासतील. दुसरी टिकिटांना उत्तर देणाऱ्यांची, ज्यांना कोड पाहणाऱ्याला थेट फोन करता येईल आणि ज्यांचा पगार बंद केलेल्या टिकिटांवर मोजला जाणार नाही. आणि जो खेळ अमिरातीत गिफ्ट कार्डावर पैसे घेतो, त्याने भारतासारखी ४८ तासांत पोच द्यावी, असा नियम इथेही व्हावा. ती पोच माणसाने लिहिलेली असावी.